रेडिओचे तेरावे घालू नका

श्रावण संपता संपता संपादकांचे पत्र आले. पत्र आपुलकीचे होते. "तुम्ही विश्रामबागेतले जुने रहिवासी. सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते दिवस तुम्ही पाहिलेले आहेत. रेडिओच्या त्या सोनेरी काळावर आमच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी गोड लिहून पाठवावे," अशी त्यात मागणी होती. मी पत्र दोनदा वाचले, आणि कपाटातले गेल्या काही वर्षांचे दिवाळी अंक काढून टेबलावर मांडले. दर वर्षीच्या गठ्ठ्यात रेडिओवरचा एक तरी लेख निघालाच. तोच लाकडी पेटीचा संच, त्याच्यावर आईने विणलेला जाळीचा रुमाल, कौलांवरून ताणलेली एरियलची तार, पहाटेची ती धून, आणि शेवटी ठरलेला उसासा : गेले ते दिवस!

संपादकमहाराज, क्षमा करा. असला लेख मी लिहिणार नाही. माणूस अजून श्वास घेतो आहे, आणि आपण त्याच्या उशाशी बसून तेराव्याला पंगत किती पानांची घालायची याचा विचार करतो आहोत, असे मला ते लेख वाचताना वाटते. आकाशवाणी अजून बंद पडलेली नाही. तिचे काय करायचे हा प्रश्न अजून आपल्या हातातून गेलेला नाही. अशा वेळी तिच्यावर गोड आठवणी लिहिणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे. जबाबदारीतून अंग काढून घेण्याचा तो सभ्य मार्ग आहे. माझा आरोप आहे तो हाच, आणि तो करताना मी स्वतःलाही वगळत नाही, कारण असले दोन लेख मीही पूर्वी लिहिलेले आहेत.

या स्मरणरंजनाचा एक ठराविक शेवट असतो. लेखक आपल्या आकाशवाणीबद्दल हळहळतो आणि मग विलायतेकडे बोट दाखवून म्हणतो, "बीबीसी पाहा!" ठीक आहे, पाहू या. पण नीट पाहू या.

१९५२ सालातला इंग्लंडमधला कोणताही कामाचा दिवस घ्या. सकाळी साडेदहाला कारखान्यांतल्या कामगारांसाठी संगीत सुरू व्हायचे. यंत्राच्या आवाजावर ऐकू यावे अशा बेताने ते वाजवलेले असायचे. हा कार्यक्रम युद्धकाळात, १९४० साली सुरू झाला होता. दुपारी पावणेदोनला शाळेत न जाणाऱ्या चिमुरड्यांसाठी आईच्या मांडीवर बसून ऐकायची गोष्ट. दोनला स्त्रियांचा तास. दुपारी कधीतरी डॉक्टरच्या बायकोची रोजनिशी. संध्याकाळी पावणेसातला एका शेतकरी कुटुंबाची श्रुतिका, 'द आर्चर्स'. ती १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येऊ लागली आणि आजही चालू आहे. युद्धानंतर धान्याची टंचाई होती, तेव्हा शेतकऱ्याने नव्या पद्धती घ्याव्यात म्हणून शेतीखात्याच्या सल्ल्याने ती रचली गेली होती, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. रात्री नऊला बिग बेनचे टोले आणि बातम्या. आणि १९४६ पासून संध्याकाळी सहा ते मध्यरात्र असा एक तिसराच कार्यक्रम. त्यात अख्खे संगीतक, कवितावाचन, तत्त्वज्ञानावरची व्याख्याने असत, आणि ऐकणारे थोडे असले तरी चालेल अशी त्याची धारणा होती. या सगळ्यासाठी घरटी वर्षाला एक पौंड परवाना-शुल्क भरावे लागे.

आता या दिवसाकडे पाहून डोळे पाणावण्यापूर्वी त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बीबीसीचा पाया घालणारे जॉन रीथ हे करारी गृहस्थ. लोकांना काय आवडते त्यापेक्षा त्यांना काय हवे असायला पाहिजे, याची चिंता त्यांना अधिक. १९२६ च्या सार्वत्रिक संपात कँटरबरीच्या आर्चबिशपांचे समेटाचे आवाहन वेळेवर ध्वनिक्षेपित होऊ दिले गेले नाही, आणि विरोधी पक्षाचे नेते रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनाही ध्वनिक्षेपकासमोर येऊ दिले नाही. परवान्याचे पैसे भरले म्हणून सत्तेची भीती सुटत नाही, हा त्यातला धडा. त्या नभोवाणीवर बोलणारा आवाजही बहुधा एकाच वर्गाचा आणि एकाच वळणाचा असे.

मग विलायतेकडून घ्यायचे काय? माझ्या मते, तिथले कार्यक्रम घ्यायचे नाहीत, तिथले एक भांडण घ्यायचे. १९५७ साली त्या तिसऱ्या कार्यक्रमाचे तास कापायचे ठरले. ऐकणारे थोडे, खर्च मोठा, हे नेहमीचे कारण. तेव्हा टी. एस. एलियटसारखा कवी आणि व्हॉन विल्यम्ससारखा संगीतकार घरी बसून 'गेले ते दिवस' लिहीत राहिले नाहीत. ते आणि त्यांच्यासारखे इतर एकत्र आले, पत्रे लिहिली, शिष्टमंडळे नेली, अधिकाऱ्यांना जाब विचारला. तास कापले गेलेच. लढाई ते पुरती जिंकले नाहीत. पण तो कार्यक्रम त्यानंतरही वर्षानुवर्षे टिकला, आणि त्याचा वारसा पुढे वेगळ्या नावाने चालू राहिला. आपल्या लेखकांनी एका ध्वनिक्षेपण-तासासाठी असे भांडण केल्याचे मला आठवत नाही. आणि विलायतेचे उदाहरण परके म्हणून झटकून टाकण्याची सोयही आपल्याला नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनहून मराठीतही ध्वनिक्षेपण होत होते, आणि वेणू चितळे नावाची मराठी बाई त्याच संस्थेत जॉर्ज ऑर्वेल यांच्या सोबत काम करीत होती.

आता घरी येऊ.

सांगलीत कृष्णेवर जो आयर्विन पूल आहे तो १९२९ सालचा. ज्या व्हाइसरॉयचे नाव त्याला दिले, त्याच लॉर्ड आयर्विन यांनी २३ जुलै १९२७ रोजी मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन केले होते. ते चालवणारी खाजगी कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि सरकारने तो कारभार हाती घेतला. १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. पहाटे वाजणारी ती धून वॉल्टर काउफमान यांची. ते प्रागहून मुंबईला आलेले ज्यू निर्वासित संगीतज्ञ. २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे केंद्र सुरू झाले आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९६३ साली, आमच्या सांगलीचे. १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा आमच्या पिढीला पाढ्यासारखा पाठ होता.

त्या काळी विश्रामबाग म्हणजे सांगली आणि मिरज यांच्यामधली मोकळी, वाऱ्याची जागा. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून इथे. पुढे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आले. मधून मधून प्राध्यापकांचे बंगले, आणि रस्त्याच्या पलीकडे थेट शाळवाची शेते. आमच्या ओटीवर संच होता, आणि संध्याकाळच्या सभेला ओटीवर तीन प्रकारची माणसे असत : वडिलांचे सहकारी असलेले संस्कृतचे एक प्राध्यापक, पलीकडच्या मळ्यातले एक शेतकरी ज्यांना आम्ही मामा म्हणत असू, आणि मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारखान्यातून सायकलवरून घरी जाणारा एक कारागीर. मामा येताच म्हणायचे, "लावा की ओ मास्तर, भाव काय निघाला बघू." हळदीचा आणि गुळाचा भाव झाला की मामा उठत. पण उठता उठता एखादे भाषण सुरू झाले, तर विडी पेटवून पुन्हा टेकत. प्राध्यापकमहाशयांना हळदीच्या भावाशी कर्तव्य नव्हते. पण वर्षभर कानावर पडून त्यांना तो तोंडपाठ झाला होता. एकदा भाव एकदम कोसळला तेव्हा त्यांनीच मामांना विचारले, "आता मुलीचे लग्न पुढे ढकलणार का?" मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ढकलावंच लागंल." संस्कृतच्या प्राध्यापकाला शेतकऱ्याच्या घरातली ही गोष्ट रेडिओने कळवली, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

मी सांगतो आहे ती आठवण नव्हे, पुरावा आहे. रेडिओच्या दिवसाची रचनाच तशी होती. एका माणसाला हवे ते ऐकण्यासाठी दुसऱ्याला हवे ते कानावर घ्यावे लागे. शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागे तेव्हा तो कारागीर मुद्दाम थांबायचा. ज्याने आयुष्यभर भोपळे कोरले आणि तारा चढवल्या, त्याला आपल्या पेठेतली सतार दिल्लीत कुणाच्या हातात कशी बोलते हे ऐकायचे असे. त्याच्यामुळे मामांना राग कळू लागले असे मी म्हणणार नाही. पण सतार ऐकताना गप्प बसायचे असते, एवढे त्यांना कळले होते.

आणि हे नुसते ओटीवरचे योगायोग नव्हेत. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत एक प्रयोग केला. गावागावांत वीस-वीस जणांची मंडळे केली, आठवड्यातून दोनदा त्यांच्यासाठी कार्यक्रम लावला, आणि ऐकून झाल्यावर त्यांनी चर्चा करायची, शंका पुण्याला कळवायच्या, त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची, अशी योजना होती. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता त्यांच्यापेक्षा, जिथे ऐकून बोलणारे मंडळ होते तिथे लोकांच्या ज्ञानात कितीतरी अधिक भर पडली, असे तपासणीत दिसले. म्हणजे रेडिओचे सामर्थ्य पेटीत नव्हते. पेटीभोवती बसणाऱ्या माणसांत होते, आणि त्यांचे पत्र वाचून उत्तर देणाऱ्या केंद्रात होते.

त्याच पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक, अशी 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते ध्वनिक्षेपित झाली. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. माडगूळकरांचा जन्म आताच्या सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्याचा. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर त्याच केंद्रावर नोकरीला होते. पु. ल. देशपांडे तिथे होते. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीतच नोकरी करीत होते. मुंबईच्या 'प्रपंच' आणि 'पुन्हा प्रपंच' मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी हे तर घराघरातले नातेवाईक झाले होते. आजच्या लेखकांना माझा प्रश्न आहे : आपल्यापैकी कितीजण गेल्या पाच वर्षांत आकाशवाणीसाठी एक पान तरी लिहून घेऊन गेले? मानधन अल्प आहे, हे खरे. तेव्हाही फार नव्हते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे अखेर तुम्हीही आठवणीच सांगितल्यात." तेव्हा आता आकाशवाणीची पापेही सांगतो. ती लपवून तिची बाजू मांडता येणार नाही.

१९४० साली या संस्थेने हार्मोनियमला बंदी केली, आणि ती जवळजवळ तीन दशके चालली. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, जिथे नाट्यपदाच्या पाठीमागे पेटीचा सूर गृहीत धरला जातो, तिथल्या गायकाला नभोवाणीवर पेटी चालत नसे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर मंत्री झाले. ते आपलेच, पुण्याचे. अभिजात संगीताला त्यांनी फार मोठे स्थान दिले, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण चित्रपटगीते त्यांनी जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काय केले? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानींचा आवाज इथल्या प्रत्येक गल्लीत घुमू लागला, आणि १९५७ मध्ये सरकारला निमूटपणे 'विविध भारती' सुरू करावी लागली. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा याच आकाशवाणीवरून झाली. पुढचे एकवीस महिने देशात काय चालले आहे हे जाणून घ्यायला आमच्या ओटीवरची माणसे लंडन लावीत. चंदा समितीने १९६६ साली सांगितले, वर्गीस समितीने १९७८ साली सांगितले, की ही संस्था सरकारच्या दाव्यातून सोडवा. कायदा झाला १९९० मध्ये आणि अंमलात आला १९९७ मध्ये. सात वर्षे तो नुसता कागदावर होता. आणि त्यानंतरही दोर कुणाच्या हातात राहिला हे सांगायला जाणकार लागत नाही.

ही सगळी पापे मी मान्य करतो. पण त्यांच्यात आणि आजच्या दुखण्यात एक फरक आहे. केसकरांना वाटे की सांगलीच्या मामांनी राग ऐकला पाहिजे. त्यांचे वागणे हेडमास्तरचे होते, पण मामा त्यांच्या हिशेबात होते. आजच्या हिशेबात मामा नाहीतच. देशातली अनेक मध्यम लहरींची प्रक्षेपण यंत्रे बंद झाली. गावोगावच्या केंद्रांनी आपले कार्यक्रम कमी करून एकाच ठिकाणचा कार्यक्रम सहक्षेपित करावा, हा विचार पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. सांगलीचा, जळगावचा, परभणीचा, रत्नागिरीचा माणूस एकच समजायचा आणि त्याला एकाच भांड्यातले वाढायचे. काटकसर म्हणून हे शोभते. पण मग त्याला सांगली केंद्र का म्हणायचे? दाराची पाटी तेवढी सांगलीची!

यावर तीन उत्तरे नेहमी मिळतात. ती मी टाळणार नाही.

पहिले उत्तर असे : "आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. ज्याला जे हवे ते तो हवे तेव्हा ऐकतो. तुमची ती एकत्र ऐकण्याची सक्ती कशाला?" मुद्दा खरा आहे. माझी नात फोनवर जे संगीत ऐकते त्यातले निम्मे मला कधीही ऐकायला मिळाले नसते, आणि केसकरांच्या काळात परत जा असे मी तिला सांगणार नाही. पण 'जे हवे ते' हा शब्दप्रयोग नीट तपासून पाहा. मामांच्या मुलीचे लग्न पुढे ढकलले जाणार, हे प्राध्यापकमहाशयांना 'हवे' नव्हते. त्यांनी ते निवडून ऐकले नसते. एका गावात राहणाऱ्या माणसांना एकमेकांविषयी जे माहीत असावे लागते, त्यातले बरेचसे असेच, न निवडता कानावर पडलेले असते. आज आमच्या घरात चार माणसे चार कानांत चार वेगळे आवाज घालून बसतात. प्रत्येकाला हवे ते मिळते आहे. जेवताना बोलायला विषय मात्र मिळत नाही.

दुसरे उत्तर : "खर्च परवडत नाही." हा हिशेब मांडणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की सार्वजनिक वाचनालयाला नफा होतो का? पाणवठ्याला होतो का? विलायतेत तिसऱ्या कार्यक्रमावर हाच आक्षेप होता. खर्च तपासावा, उधळपट्टी असेल तर थांबवावी. पण ज्या खर्चातून स्थानिक माणसाचा आवाज निघतो तोच आधी कापायचा, आणि त्याला कार्यक्षमता म्हणायचे, ही लबाडी आहे.

तिसरे उत्तर : "ऐकतो कोण?" याला मी २०१९ च्या ऑगस्टने उत्तर देतो.

त्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाण्याने सत्तावन्न फूट ओलांडले. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. विश्रामबाग उंचावर आहे, आमच्या दारात पाणी आले नाही. पण गावभागातून माझी मावसबहीण, तिची सून आणि दोन नातवंडे भिजलेल्या गाठोड्यांनिशी आमच्याकडे आली. वीज गेलेली. घरात पाच फोन, आणि प्रत्येक फोनवर वेगळी बातमी. एकावर धरणाला भगदाड पडले होते, दुसऱ्यावर पूल वाहून गेला होता, तिसऱ्यावर रात्री दहा फूट पाणी वाढणार होते. बातमी कोणी दिली, केव्हा दिली, काही ठिकाणा नाही. सुनेने रडायला सुरुवात केली. तिचे वडील हरिपूरला, वारणा-कृष्णेच्या संगमाशी. संध्याकाळपर्यंत फोन एकेक करून मिटत गेले, कारण चार्जिंगला वीज नव्हती. मग मी माळ्यावरून जुना ट्रान्झिस्टर काढला, विजेरीतले सेल त्यात घातले. खरखर झाली, आणि नंतर एक संथ आवाज आला : धरणांतून सोडलेले पाणी इतके, नदीची पातळी इतकी. आकडे भयंकरच होते. पण ते आकडे होते; सांगणाऱ्याला नाव होते, पत्ता होता, आणि चुकले तर जाब विचारायला जागा होती. सुनेचे रडणे थांबले नाही. पण आम्ही पुढे काय करायचे ते बोलू लागलो. धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, हा माणूस कुठून बोलतोय?" त्या प्रश्नाचे मला फार वाटले.

इंग्लंडच्या नभोवाणीवर रोज ठरलेल्या वेळी समुद्रावरच्या वाऱ्यांचा अंदाज सांगतात. ज्यांचा समुद्राशी संबंध नाही असे लोकही तो ऐकतात आणि त्यांना तो पाठ असतो. आपल्याकडे कृष्णाकाठी कोयना, वारणा आणि अलमट्टी ही तीन नावे पावसाळ्यात देवांच्या नावांइतकी घेतली जातात. त्यांचे आकडे सांगलीच्या आवाजात, सांगलीच्या भाषेत, रोज ठरलेल्या मिनिटाला ऐकू यावेत, आणि पूर नसतानाही यावेत, म्हणजे पुराच्या दिवशी कान आपोआप तिकडे वळेल, एवढी साधी गोष्ट मागायला कोणत्या क्रांतीची गरज आहे? पण विश्वास ऐनवेळी विकत मिळत नाही. ज्या केंद्रावर वर्षभर आपल्या गावचे काहीच नसते, तिथे पुराच्या रात्री कोणी सुई का वळवावी?

कोणी म्हणेल, मागून काय होणार? तर होते. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम दुसरीकडे नेण्याचा हुकूम निघाला. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या ज्या बातम्यांवर महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचे घड्याळ चालत होते, त्यांच्यावरच घाव होता. लोकांनी ओरड केली. पत्रे गेली, वृत्तपत्रांनी लिहिले, राजकारण्यांनाही बोलावे लागले, आणि त्या हुकमाला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे विजय नव्हे. पण ओरड ऐकू जाते हे तर सिद्ध झाले! मग त्याच वर्षीच्या दिवाळीत आपण पुन्हा जाळीच्या रुमालावर लेख लिहायला बसलो, याला काय म्हणावे?

म्हणून माझे मागणे गोळाबेरीज करून सांगतो. प्रत्येक स्थानिक केंद्रावर रोजचे काही तास त्याच केंद्रात, त्याच भागातल्या माणसांनी केलेले असावेत; ते कमी करायचे झाल्यास आधी श्रोत्यांना कळवावे आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. नदीची पातळी आणि धरणांचा विसर्ग यांना पावसाळ्यात रोजची ठरलेली वेळ असावी. केंद्राकेंद्रांत ज्या जुन्या ध्वनिफिती शिल्लक आहेत त्यांची यादी छापून लोकांसमोर ठेवावी. कोणाचा आवाज राहिला आणि कोणाचा पुसला गेला हे कळण्याचा हक्क ज्यांनी परवान्याचे पैसे पोस्टात भरले त्यांना आहे. आणि चौथे मागणे सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. लेखकांनी तिथे लिहावे, प्राध्यापकांनी तिथे बोलावे, नाटकवाल्यांनी तिथे नाटके करावीत. कार्यक्रम वाईट झाला तर वाईट झाला असे पत्र टाकावे. १९५६ च्या त्या दीडशे खेड्यांतली माणसे फारशी शिकलेली नव्हती. पण ती पत्र लिहवून घेत, आणि त्यांना उत्तर मिळे.

मी स्वतः काय करतो, हे विचारण्याचा वाचकांना हक्क आहे. दर सोमवारी मी एक पोस्टकार्ड टाकतो. त्यात आठवड्यातला एक चांगला आणि एक वाईट कार्यक्रम लिहितो. नात हसते, म्हणते, "आजोबा, ई-मेल करा ना." तिलाच सांगितले आहे, की ई-मेल तू कर. परवा तिने एक केला, आणि तो करण्यापूर्वी तिला अर्धा तास कार्यक्रम ऐकावा लागला. ऐकून म्हणाली, निवेदिका 'ळ' चुकीचा म्हणते. मी म्हटले, लिही तसे.

संपादकमहाराज, लेख गोड झालेला नाही, हे मला ठाऊक आहे. छापायचा नसेल तर परत पाठवावा. पोस्टाची तिकिटे सोबत जोडली आहेत.